प्रश्न तुमचे : रोजां, गोरखमुंडी आणि सूर्यफुलाचे गोत

दसरा-दिवाळीच्या दिवसांत रोजां (म्हणजे झेंडू) आणि शेवंती गोव्यात घराघरांत येतात आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्याविषयीची पत्रेही येतात. या वेळी सूर्यफूल कुलाबद्दलचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

सूर्यफूल हे एक फूल नसून फुलांचा समूह असतो, असे मुलीला शाळेत शिकवले. घरी हे दाखवता येईल का? सूर्यफूल मिळत नाही, बाजारातला झेंडू चालेल का?
– एक पालक, म्हापसा

बाजारातला झेंडू या कामाला सगळ्यांत वाईट. त्याची मूळची रचना निवडीने इतकी बदललेली असते की मुलीचा गोंधळच होईल. एकदांडी घ्या. सड्यावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात बाराही महिने ती फुललेली असते. वीतभर किंवा त्याहून उंच केसाळ दांड्याच्या टोकाला एकच लहानसे फूल, मध्ये पिवळे, कडेला फिक्या रंगाच्या पाच-सहा रुंद 'पाकळ्या'. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान खुडलेले फूल उत्तम. दुपारनंतर कडेची पुष्पके कोमेजू लागतात.

साहित्य : दाढीचे नवे पाते, दोन टाचण्या, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक काळा कागद. पांढऱ्या कागदावर केस दिसत नाहीत. पात्याने फूल दांड्यासकट उभे कापा, आडवे नाही. आडव्या कापात पुष्पके मधोमध तुटतात आणि नेमका पाहण्याचा भाग, म्हणजे त्यांचा तळ, हातून जातो.

उभ्या कापात खालून वर पाहत जा. सर्वांत बाहेर हिरवी केसाळ छदे दिसतील. पाहणारा त्यांनाच निदलपुंज समजतो. पण ती पूर्ण समूहाभोवतीची पाने आहेत, एका फुलाची नव्हेत. मध्ये किंचित फुगलेला पुष्पाधार. त्यावर रांगेने उभी असलेली एकेक नळी म्हणजे एकेक पूर्ण फूल, म्हणजेच पुष्पक. कडेची रुंद 'पाकळी'ही एक वेगळे फूल आहे. तिच्या टोकाला तीन दाते असतात आणि तिच्यात स्त्रीकेसर असतो, पुंकेसर नसतात. मधल्या नळ्यांना पाच दाते असतात आणि त्यांत दोन्ही असतात. सगळ्या समूहाला स्तबक म्हणतात.

आता मधली एक नळी टाचणीने मुळापासून उचला. तळाशी केसाळ दाणा, त्यावर पिसासारख्या केसांचे वर्तुळ आणि त्यातून वर आलेली नळी. दाणा म्हणजे किंजपुट. म्हणजे या कुलात बी फुलाच्या खाली धरते. केसांच्या वर्तुळाला पिच्छसंदल म्हणतात. हाच फुलाचा खरा निदलपुंज, फक्त रूप बदललेला. संरक्षणाचे काम बाहेरची छदे करत असल्यामुळे निदलपुंज त्या कामातून सुटला आणि वेगवेगळ्या वाटांनी गेला. एकदांडीत तो वाऱ्यावर उडवणारी पिसे झाला, सूर्यफुलात लवकर गळणारे दोन खवले, रानातल्या बायडन्समध्ये कपड्याला चिकटणारे काटे. शेवंतीत तो उरलाच नाही. नळ्यांच्या मध्ये पातळ, पारदर्शक पापुद्रे दिसतील, ती तुषपर्णे. मुले त्यांना हमखास पाकळ्या म्हणतात.

नळी टाचणीने उभी फाडली की या कुलाची खरी ओळख दिसते. पाच पुंकेसरांचे दांडे सुटे, पण परागकोश कडेने जुळून त्यांची एक बारीक नळी झालेली असते. पराग या नळीच्या आतल्या बाजूला सुटतात. मग खालून स्त्रीकेसर (पुढे नुसते 'केसर' म्हटले आहे तो हाच) वाढत वर येतो आणि आपल्या टोकावरच्या केसांनी पराग बाहेर ढकलतो. त्यानंतर तो दोन शाखांत उमलतो आणि तेव्हाच परागधारणेला तयार होतो. स्तबक कडेकडून मध्याकडे उमलत जातो. म्हणून भिंगातून बाहेरच्या ओळींत उमललेले दुहेरी केसर आणि आतल्या ओळींत नुसते पराग एकाच वेळी दिसतात. मुलीला हे दाखवता आले तर बाकीचे सगळे धडे सोपे.

काहीच दिसले नाही तर बहुधा स्तबक जुना आहे. छदे खाली वळली आणि मध्ये पांढरा कापूस दिसू लागला की तो फळांचा गोळा झाला, तो घेऊ नका.

दसऱ्याच्या तोरणातल्या मोठ्या रोजांचे बी वाळवून ठेवले आणि पावसात पेरले. निम्म्याहून अधिक उगवलेच नाही. जे उगवले त्यांना लहान, विरळ पाकळ्यांची फुले आली. बी बिघडले का?
– एक वाचक, फोंडा तालुका

बी बिघडले नाही. त्यातले बरेचसे बी नव्हतेच.

पहिले कारण तोरण. फूल ताजे असतानाच खुडले जाते, तेव्हा आतले दाणे कोवळे असतात. फूल सुकले म्हणजे दाणा पिकला असे होत नाही. बियाण्यासाठी फूल झाडावरच ठेवावे लागते. पाकळ्या करपून, खालचा हिरवा पेला तपकिरी आणि कागदासारखा झाला की मगच खुडायचे.

दुसरे कारण गोंड्याची रचना. झेंडूच्या साध्या फुलात कडेची पुष्पके मादी असतात आणि मधल्या नळीदार पुष्पकांत पराग असतात. भरगच्च गोंड्यात मधल्या नळ्यांची जागाही पाकळीसारख्या पुष्पकांनी घेतलेली असते. पाकळ्या जितक्या दाट, तितके पराग कमी. शेजारच्या झाडावरून मधमाशीने पराग आणले तरच दाणा भरतो. हीच गोष्ट सूर्यफुलातही होते. कडेच्या पुष्पकाला एका बाजूने लांब करणारी जनुके एरवी कडेलाच जागी असतात. ती मध्यापर्यंत जागी झाली की फूल भरगच्च दिसते. फुलवाल्याच्या दृष्टीने लाभ, बियाण्याच्या दृष्टीने तोटा.

तिसरे कारण संकर. बाजारातले बरेच मोठे गोंडे पहिल्या पिढीच्या संकरित बियांचे असतात. त्यांचे बी पुढच्या पिढीत आजी-आजोबांच्या रूपांत विखुरते, म्हणून तुम्हाला लहान आणि एकेरी फुले मिळाली. काही वाण तर बीच धरत नाहीत. आफ्रिकन झेंडूत २४ गुणसूत्रे असतात, फ्रेंच झेंडूत ४८. या दोघांच्या संकरात ३६ येतात आणि ती नीट जोड्या लावू शकत नाहीत. ते झाड वांझ असते आणि बी धरण्यात शक्ती जात नसल्यामुळे फुलत राहते. (दोन्ही नावे फसवी आहेत. दोन्ही झेंडू मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे.)

पेरण्याआधी दाणा नखाने दाबून पाहा. भरलेला काळा भाग ताठ राहतो, पोकळ चपटतो किंवा वाकतो. दाण्याच्या एका टोकाला फिक्या रंगाचे खवले असतात. अनेकांना ते मूळ वाटते, पण ते पिच्छसंदल. तो तोडायची गरज नाही. बी सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत, तळाशी सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत कागदी पुडीतले बी ओल धरते आणि रुजण्याची शक्ती गमावते.

दसऱ्याला फुले हवी असतील तर जुलैच्या मध्यास छपराखाली ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. पंचवीस-तीस दिवसांनी, चार-पाच पाने आल्यावर, ४५ बाय ३० सेंटिमीटरवर लावा. वाफा निदान १५ सेंटिमीटर उंच हवा. सपाट जमिनीत पाणी साचले की रोपांची मान जमिनीलगत कुजून ती आडवी पडतात. औषधापेक्षा निचरा अधिक उपयोगी.

समुद्रकिनाऱ्यावर पांढऱ्या, अर्ध्या कापल्यासारख्या फुलांचे एक झुडूप असते. ते सूर्यफुलाच्या नात्यातले असल्याचे कळले. दिसायला तर काहीच साम्य नाही. आणि हे कुल मुळात सुरू कुठे झाले?
– एक वाचक, काणकोण

ते झुडूप स्केव्होला. जाड, चकचकीत पाने, पंख्यासारखे एका बाजूला वळलेले पाच पाकळ्यांचे फूल, पांढरी मांसल फळे. नाते खरे आहे, पण भावाचे नाही, चुलतभावाचे. त्याचे कुल गुडेनिएसी, बहुतांशी ऑस्ट्रेलियातले. सूर्यफूल कुलाला त्याहून जवळचे कॅलिसेरेसी, सुमारे ६० जातींचे लहान कुल, केवळ दक्षिण अमेरिकेत.

साम्य पाकळ्यांत शोधू नका. स्केव्होलाची पक्व कळी उघडा. केसराच्या टोकाला एक छोटी वाटी दिसेल. फूल उमलण्याआधीच पराग त्या वाटीत गोळा होतात आणि मग केसरच ते कीटकापुढे धरतो. पराग पुंकेसराने नव्हे, केसराने पुढे करायचे, ही रीत या नातेवाईक कुलांत दिसते. सूर्यफूल कुलाने परागकोश जुळवून त्यांची नळी केली. इतर साम्ये फळात आणि बीजांडकोशाच्या जागेत आहेत. पण निर्णायक पुरावा डीएनएचा.

त्या पुराव्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट १९८७ मध्ये जॅन्सन आणि पामर यांनी दाखवली. या कुलातल्या जवळजवळ सर्व वनस्पतींच्या हरितलवकात डीएनएचा सुमारे २२,००० अक्षरांचा एक तुकडा उलटा बसलेला असतो. बाहेरच्या कुलांत तो सुलटा असतो. सूर्यफूल कुलातल्या एकाच गटात तो अजून सुलटा सापडला : दक्षिण अमेरिकेतल्या काटेरी झुडपांचा बार्नाडेसिया गट, सुमारे ९० जाती. याचा अर्थ हा गट बाकी सगळ्या कुलापासून सर्वांत आधी वेगळा झाला आणि तुकडा त्यानंतर उलटला. तोवर हे खुरटे गट कुलाच्या आतल्या कुठल्यातरी कोपऱ्यात बसवले जात होते. एका उलट्या तुकड्याने झाडाचे मूळ सापडले.

अश्मीभूत पुरावाही दक्षिणेकडचाच. २०१० मध्ये पॅटागोनियात सुमारे ४.७५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातून पूर्ण स्तबकाचा ठसा मिळाला. परागकणांचे त्याहून जुने अवशेष अंटार्क्टिकातून सांगितले जातात, त्यांच्या ओळखीवर मतभेद आहेत. अनेक जनुकांवरून २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात कुलाचा आरंभ सुमारे ८.३ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉर अजून होते तेव्हा, दक्षिण अमेरिकेत ठेवला आहे. पण आजची विपुलता तेव्हाची नाही. मोठा विस्तार बराच नंतरचा, आणि त्यातले महत्त्वाचे पाऊल आफ्रिकेत पडले. करडई, पाथरी, सहदेवी यांचे गट तिथून फुटत गेले.

मग एक शाखा पुन्हा अमेरिकेत पोचली आणि मेक्सिकोच्या परिसरात प्रचंड फोफावली. सूर्यफूल, झेंडू, डेलिया, झिनिया, कॉसमॉस, रानमोडी, ओसाडी, एकदांडी ही सगळी त्या शाखेची. गोव्यात रस्त्याकडेला सहज दिसणारी या कुलातली निम्मी-अधिक मंडळी माणसाने गेल्या चार-पाच शतकांत आणलेली किंवा माणसाबरोबर आलेली अमेरिकन आहेत. मेक्सिकोकडे फोफावलेली ही शाखा ओळखायची एक साधी खूण आहे : पिकलेला दाणा काळा. कारळे, झेंडू, एकदांडी, ओसाडी, रानमोडी, सगळ्यांचे पाहा. फळाच्या भिंतीत कोळशासारख्या पदार्थाचा थर असतो. तो तीव्र आम्लातही विरघळत नाही आणि दाणा पोखरणाऱ्या अळीला अडवतो. जोडीला पाने बहुधा समोरासमोर. सहदेवी, सोनकी, शेवंती यांचे दाणे तपकिरी किंवा फिके आणि पाने एकाआड एक. अपवाद आहेतच. गाजरगवताची पाने एकाआड एक असूनही ते काळ्या दाण्याच्या गटातले, आणि सॅलडच्या (लेट्यूसच्या) काही वाणांचे काळे बी वेगळ्या रंगद्रव्याचे.

माझ्या पदवीच्या काळात या कुलाची ट्यूबुलिफ्लोरी आणि लिग्युलिफ्लोरी अशी दोनच उपकुले शिकवत. आता मुलाच्या टिपणांत सोळा आहेत. जुने चूक होते का?
– एक निवृत्त शिक्षक, मडगाव

जुन्या विभागणीतला अर्धा भाग टिकला. ज्यांच्या खोडातून दुधासारखा चीक येतो आणि ज्यांच्या स्तबकात सगळीच पुष्पके पाच दात्यांच्या पट्टीची असतात तो गट, म्हणजे पाथरी आणि सॅलड यांचा, आजही एकसंध मानला जातो. उरलेल्या सगळ्यांना 'नळीवाले' म्हणून एका पोत्यात भरणे मात्र चूक ठरले. नळीदार फूल ही जुनी, सर्वत्र उरलेली रीत. तिच्यावरून नाते ठरत नाही.

लिनीअसने जुळलेल्या परागकोशांवरून यांचा वर्ग केला होता. कुलाच्या आतली पहिली खरी मांडणी फ्रान्सच्या आंरी कासिनीची (१७८१–१८३२). केसराच्या शाखा, परागकोशांचे तळ, पिच्छसंदल अशा भिंगाखालच्या गोष्टींवरून त्याने ट्राइब पाडले. ट्राइब म्हणजे उपकुल आणि प्रजाती यांच्या मधली पायरी. बेंथॅमने १८७३ मध्ये १३ ट्राइब ठरवले आणि शंभर वर्षे तेच चालले. त्यानंतरच्या डीएनए अभ्यासाने कासिनीचे अनेक ट्राइब जवळजवळ जसेच्या तसे उभे राहिले. रंग आणि पाकळ्या न बघता केसराच्या टोकाला भिंग लावणारा माणूस दोनशे वर्षांपूर्वी बरोबर होता, ही या विषयातली सर्वांत समाधानाची गोष्ट. अलीकडच्या मांडणीत १६ उपकुले आणि सुमारे ५० ट्राइब आहेत. पण त्यातली बरीच उपकुले मूठभर जातींची, दक्षिण अमेरिका, आफ्रिका किंवा चीनमधली. गोव्यात काम चालवायला पाच पुरतात.

बागेतल्या जर्बेराचे उपकुल म्युटिसिऑइडी; त्याच्या अनेक पुष्पकांना दोन ओठ असतात. करडई, घाटावरची उटकटारी आणि औषधी कोष्ट हे कार्ड्युऑइडीत. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी कोष्टाची चर्चा केली आहे. तिसरे सिकोरिऑइडी : त्यात पाथरीचा चिकाचा ट्राइब. त्यातून अलीकडे वेगळे काढलेले चौथे व्हर्नोनिऑइडी : त्यात सहदेवी-हस्तिपदाचा व्हर्नोनिई ट्राइब. व्हर्नोनिईत सगळ्या नळ्या, रंग जांभळट, केसराच्या शाखा लांब, निमुळत्या आणि बाहेरून केसाळ.

चौथे अ‍ॅस्टरॉइडी, आणि गोव्यातली बाकीची जवळजवळ सगळी त्यात. ओळखायला एवढे पुरे : छदे एका ओळीत, सारख्या उंचीची आणि पिच्छसंदल मऊ पांढरा, तर सेनेसिओनिई, जसे सोनकी आणि सदामंडी. छदांची कड कागदासारखी कोरडी, चुरगळल्यावर वास, पिच्छसंदल नाही, तर अँथेमिडी, जसे शेवंती आणि दवणा. छदांवर तेलाचे पारदर्शक ठिपके, तर टॅजिटी, म्हणजे झेंडू. सगळी पुष्पके नळीदार, रंग पांढरा ते जांभळा पण पिवळा कधीच नाही, पाने समोरासमोर, केसराच्या शाखा टोकाला जाड होऊन फुलाबाहेर लोंबणाऱ्या, तर युपॅटोरिई, जसे रानमोडी, ओसाडी, स्टीव्हिया. बहुधा पिवळ्या पुष्पकांमध्ये तुषपर्णे आणि समोरासमोर पाने, तर सूर्यफूल, माका, वेडेलिया यांचा हेलिअँथिई किंवा त्याचे शेजारी. शेजाऱ्यांतला कॉसमॉसचा ट्राइब वेगळा आणि एकदांडी-कारळ्याचाही वेगळा, पण सुरुवातीला तिथवर जायची गरज नाही.

कदंबाचा गोल गेंद आणि लाजरीचा गुलाबी गोंडाही याच कुलातले का?
– एक विद्यार्थिनी, पणजी

नाहीत. कदंब कॉफीच्या कुलातला, लाजरी शेंगांच्या. गोळ्यात अनेक फुले असली एवढ्यावरून नाते होत नाही. एक फूल उपटून पुंकेसर पाहा. सूर्यफूल कुलात परागकोश जुळलेले, तर या दोघांत सुटे. शिवाय सूर्यफूल कुलात एका फुलातून एकच बी मिळते. कदंबाच्या एकेका फुलात अनेक असतात.

वाफसा धरलेल्या मळ्यात, भात कापल्यावर, जांभळट-गुलाबी गोल बोंडांचे सुवासिक झुडूप उगवते. एका बोंडात नेमकी किती फुले?
– एक शेतकरी, तिसवाडी

ती गोरखमुंडी. खोडाला दातेरी पंखांसारख्या पट्ट्या असतील तर खात्रीच. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मोजून सांगणे अवघड, कारण बोंड हा एक स्तबक नाही. तो स्तबकांचा स्तबक आहे. बोंड मधोमध कापा. गोल गाभ्यावर लहान लहान गट बसलेले दिसतील, प्रत्येकाला स्वतःची छदे. प्रत्येक गटात कडेला मादी पुष्पके आणि मध्ये थोडी द्विलिंगी. एका स्तबकात फुले दाटून बसवण्याची जी युक्ती, तीच इथे दुसऱ्यांदा वापरलेली आहे.

कुलात हे अनेकदा, वेगवेगळ्या गटांत, स्वतंत्रपणे घडले. हस्तिपदात चारच पुष्पकांचे स्तबक एकत्र येऊन तीन पानांच्या कुशीत बसतात. त्यांच्या पाकळ्या एका बाजूने खोल चिरलेल्या असतात, म्हणून चार मिळून एकच फूल असल्याचा भास होतो. उटकटारीत टोक गाठले आहे : प्रत्येक स्तबकात एकच पुष्पक, तरी त्याला स्वतःची पूर्ण छदे, आणि अशा शेकडो स्तबकांचा गोळा. तो गोळा वरून खाली उमलत येतो. साधा स्तबक कडेकडून मध्याकडे उमलतो, त्याच्या हे उलट. गोळा एक स्तबक नाही हे यावरूनही कळते.

रानमोडीचे शास्त्रीय नाव युपॅटोरियम होते, आता क्रोमोलीना. सहदेवी व्हर्नोनियातून निघाली. ही नावे का बदलतात?
– एक वाचक, वाळपई

युपॅटोरियम या एका नावाखाली शेकडो जाती साठल्या होत्या, आणि त्या एकाच पूर्वजाच्या नव्हत्या. १९७० मध्ये किंग आणि रॉबिन्सन यांनी रानमोडी क्रोमोलीनात हलवली. सहदेवी १९९० मध्ये सायँथिलियम झाली. वेडेलिया १९९६ मध्ये स्फॅग्नेटिकोला. रोपवाटिकेत तिला कोणी त्या नावाने ओळखत नाही, आणि ओळखायची गरजही नाही.

शेवंतीचे प्रकरण गमतीचे. क्रिसॅन्थेमम ही प्रजाती फोडली तेव्हा नियमाप्रमाणे ते नाव युरोपातल्या एका रानफुलाकडे गेले आणि बागेतल्या शेवंतीला डेन्ड्रँथिमा म्हणावे लागले. फुलांचा व्यापार करणाऱ्यांनी ते मान्य केले नाही. अखेर १९९९ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नियमाला अपवाद करून क्रिसॅन्थेमम हे नाव शेवंतीला परत दिले. त्यामुळे १९६१ ते १९९९ दरम्यानच्या पुस्तकांत दोन्ही नावे दिसतील. कुलाचेही तसेच. कंपॉझिटी आणि अ‍ॅस्टरेसी ही दोन्ही नावे नियमाने ग्राह्य आहेत. परीक्षेत कुठलेही लिहा, मात्र एकाच उत्तरात दोन्ही मिसळू नका.

गाजरगवत उपटल्यावर हातांना पुरळ येते. आता शेवंतीची वेणी गुंफतानाही खाज सुटते. संबंध आहे का?
– एक वाचक, वास्को

असू शकतो. गाजरगवतातला पार्थेनिन आणि शेवंती, सूर्यफूल यांतली काही द्रव्ये एकाच रासायनिक जातकुळीची आहेत. एकाने संवेदनशील झालेली त्वचा दुसऱ्यालाही प्रतिसाद देते. त्वचारोगतज्ज्ञांकडे पट्टी-चाचणी करून घ्या, घरगुती लेप लावत बसू नका. गवत उपटायचेच असेल तर हातमोजे घालून, लांब बाह्यांत आणि फुलण्यापूर्वी. गाजरगवताच्या बारीक पांढऱ्या स्तबकात बी फक्त पाच कडेच्या पुष्पकांत धरते, मधली पुष्पके नुसते पराग देतात. पण स्तबक हजारो असल्याने एक झाड १५ ते २५ हजार बिया टाकते. फुललेले झाड खताच्या खड्ड्यात गेले तर पुढच्या वर्षी ते खताबरोबर बागेत पसरते.

महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहासाठी सोनकी आणि सहदेवी दाबून वाळवली. पंधरा दिवसांनी कागद उघडला तर फुलांचा कापूस झाला होता, आणि उरलेल्यांवर बुरशी. काय चुकले?
– एक विद्यार्थी, डिचोली

दोन वेगळ्या चुका आहेत. कापूस होण्याचे कारण उशिरा खुडलेले स्तबक. खुडल्यानंतरही दाण्यांची वाढ काही काळ चालू राहते. छदे वाळून मागे वळतात आणि पिच्छसंदल पसरतो. दाबातसुद्धा हे थांबत नाही. म्हणून कडेची एक-दोन ओळी उमललेला स्तबक घ्या आणि पहिल्या २४ तासांत उष्णतेने वाळवा. पिकलेली फळे हवीतच, कारण पिच्छसंदलाशिवाय ओळख अडते. पण ती वेगळी, कागदाच्या लहान पाकिटात घालून नमुन्याच्याच जाड कागदावर चिकटवा.

बुरशी ओलीची. जून ते सप्टेंबर गोव्यात नुसत्या वर्तमानपत्रात काहीही वाळत नाही. दर दोन नमुन्यांमध्ये पन्हळी पुठ्ठा घाला, पन्हळी उभ्या ठेवा आणि दाबचौकट लाकडी खोक्यात ६० वॅटच्या साध्या दिव्यावर हातभर उंचीवर टेकवा. एलईडी दिवा चालणार नाही, तो तापत नाही. वर्तमानपत्र पहिले तीन दिवस दिवसातून दोनदा बदला, त्यानंतर एकदा. दिव्याजवळ कागद लोंबू देऊ नका आणि खोके रात्री एकटे सोडू नका.

मोठ्या स्तबकांचे, उदाहरणार्थ कॉसमॉस किंवा सूर्यफुलाचे, दोन भाग करा. एक कापलेली बाजू वर ठेवून, एक पाठीमागची छदे वर ठेवून. सूर्यफुलाचा पुष्पाधार मागून पात्याने तासून पातळ करा, नाहीतर बाकीचे वाळले तरी तो ओलाच राहतो आणि तिथूनच बुरशी पसरते. काही पुष्पके सोडवून पाकिटात ठेवा. वाळलेला स्तबक नंतर तपासायचा झाला तर एक पुष्पक पाण्यात उकळून मऊ करता येते, पूर्ण स्तबक मोडावा लागत नाही.

चिठ्ठीवर फुलाचा ताजा रंग, चीक होता की नाही, चुरगळल्यावर वास आणि झाडाची उंची लिहा. या चारही गोष्टी वाळल्यावर नाहीशा होतात आणि या कुलात त्यांच्याशिवाय ट्राइब ठरवताना हात अडकतो. नमुन्याचा जाड कागद ४२ बाय २८ सेंटिमीटरचा. डिंकाने पूर्ण झाड चिकटवू नका, देठावर बारीक पट्ट्या लावा. पिच्छसंदलाच्या केसांना डिंक लागला की ते पुन्हा मोजता येत नाहीत.